गुलाबी बोंडअळी : फवारणीआधी बोंड फोडा

ही अळी बाहेरून दिसत नाही, तिथेच सगळा घोटाळा होतो. अंड्यातून निघालेली बारीक अळी बोंडात शिरते, शिरलेलं छिद्र बुजून जातं आणि बोंड हिरवंगार, निरोगी दिसत राहतं. म्हणून एकरी वीस हिरवी बोंडं, निरनिराळ्या झाडांवरची, तोडून फोडून बघा. दोन बोंडांत जिवंत अळी किंवा तिची विष्ठा सापडली, की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली. फुलोऱ्यात डोमकळ्या शोधा: पाकळ्या पिळवटून चिकटलेल्या, उमलूच न शकणाऱ्या. त्या तोडून नष्ट करा. नुसत्या बांधावर टाकून उपयोग नाही.

पाहणीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, किंवा वर सांगितल्याप्रमाणे बोंडांत अळी सापडली, तरच औषधाकडे वळा. त्याआधी निंबोळी अर्क ५ टक्के. सुरुवातीलाच सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारलं तर मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी बोकाळते. दोन-तीन औषधं एकत्र कालवण्याचा मोह तर साफ टाळावा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले.

फरदडीचा कापूस कितीही खुणावो, डिसेंबरअखेर पीक काढाच. पुढच्या हंगामातली अळी त्याच उभ्या पऱ्हाटीवर, उरलेल्या बोंडांत आणि जोडून चिकटलेल्या सरकीत दडून राहते. जिनिंगच्या आवारातही सापळे हवेत.