‘कॅन्सल’ दाबलं तरी कॉपी लगेच का थांबत नाही?

पेनड्राइव्हवर मोठी फाइल कॉपी होतेय आणि तुम्हाला बोईसरहून लोकल पकडायचीय. तुम्ही ‘कॅन्सल’ दाबता, पण स्क्रीनवरची पट्टी हलत नाही. वैतागून तुम्ही पेनड्राइव्ह उपसता. पुढच्या वेळी लावल्यावर जुन्या फाइलीही उघडत नाहीत.

असं का होतं? पाम-बोईसरकरांना हे चटकन कळेल. शेजारच्या तारापूर एमआयडीसीत रिअ‍ॅक्टरमध्ये बॅच चालू आहे आणि साहेब म्हणाले, ‘बॅच रद्द.’ म्हणून ऑपरेटर लगेच गेटबाहेर पडतो का? नाही. आधी तापमान खाली आणायचं, व्हॉल्व्ह बंद करायचे, नोंद करायची, मग निघायचं.

कॉम्प्युटरमध्ये हा ऑपरेटर म्हणजे कर्नल. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्स कर्नल प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्येही असतो. फाइल लिहायची म्हणजे त्याला जागा राखावी लागते, यादीत नाव टाकावं लागतं, साइज बदलावी लागते. यातलं अर्धंच झालं तर हिशोब बिघडतो. म्हणून ‘ईएक्सटी४’सारख्या फाइल सिस्टिम आधी ‘जर्नल’ नावाच्या वहीत नोंद करतात आणि मग बदल करतात. पेनड्राइव्हवर मात्र बहुतेकदा अशी वही नसतेच.

मधेच प्रोग्राम बंद करायचा आदेश आला, तर कर्नल सुरक्षित टप्प्यावरच थांबतो. लावलेली कुलुपं सोडतो, राखलेली जागा मोकळी करतो आणि प्रोग्रामला सांगतो, ‘काम मधेच थांबलं.’ काही भाग लिहून झाला असेल, तर किती लिहिला तेवढा आकडा देतो.

डिस्ककडून उत्तरच आलं नाही तर? पूर्वी असा प्रोग्राम अडकून पडायचा, जबरदस्तीनेही बंद व्हायचा नाही. २००८ मध्ये कर्नलच्या २.६.२५ आवृत्तीत ‘टास्क किलेबल’ नावाची सोय आली. अडकलेला प्रोग्राम कायमचा बंद करायचा असेल, तर ही सोय जिथे वापरली आहे तिथे तो बंद करता येऊ लागला.

आता वॉर्निंगचं बघू. ‘हे कधीच घडायला नको होतं’ अशा वेळी कर्नल ‘वॉर्न’ देतो. काही सर्व्हरवर अशी सेटिंग असते की एक वॉर्न आला की अख्खी मशीन बंद. म्हणून कर्नलचा नियम आहे की युजरच्या साध्या कृतीने वॉर्न येता कामा नये. कॅन्सल करणं हा युजरचा हक्क आहे, तो बिघाड नाही. प्रत्येक रद्द बॅचला भोंगा वाजला, तर खऱ्या गळतीच्या वेळी कोण धावेल?

उलटी चूकही तितकीच महागात पडते. थांबलेलं काम ‘पूर्ण झालं’ असं कळवलं, तर डेटा गुपचूप जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

आपण काय करायचं? कॅन्सल दाबल्यावर नवा डेटा जाणं थांबतं, पण आधी पाठवलेला डेटा मेमरीत लिहायच्या रांगेत असू शकतो. म्हणून ‘इजेक्ट’ करा आणि ‘आता काढा’ असं येईपर्यंत थांबा. एक लोकल चुकली तर पुढची मिळेल, गेलेले फोटो मिळतीलच असं नाही.