इन्स्पेक्टडीबी

'इन्स्पेक्टडीबी' ही जँगो या पायथॉन भाषेतील वेब-चौकटीसोबत मिळणारी कमांड आहे. आधीपासून अस्तित्वात असलेल्या डेटाबेसमधील टेबलांची रचना वाचून त्यांच्याशी जुळणारे पायथॉन वर्ग, म्हणजेच मॉडेल, तयार करणे हे तिचे कार्य होय.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या वेब विभागात विकसित झालेली जँगो ही चौकट २००५ साली सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात सामान्यतः मॉडेल आधी लिहिले जाते व त्यावरून टेबल बनते. जुन्या प्रणालीतील माहिती नव्या संकेतस्थळासाठी वापरताना मात्र हा क्रम उलटा होतो.

कार्यपद्धती

सेटिंग्ज फाईलमध्ये डेटाबेसच्या जोडणीचा तपशील भरून कमांड चालवल्यास मॉडेलांचा मजकूर पडद्यावर उमटतो. तो सहसा थेट फाईलमध्ये साठवतात. टेबलांची नावे दिल्यास तेवढ्यांचीच मॉडेल बनतात. व्ह्यूंसाठी स्वतंत्र पर्याय द्यावा लागतो. एखाद्या स्तंभाचा प्रकार ओळखता न आल्यास तेथे मजकुराचे फील्ड योजले जाते आणि हा केवळ अंदाज असल्याची टीप शेजारी लिहिली जाते.

मर्यादा

डेटाबेसच्या रचनेत जे नोंदलेले नाही, ते या कमांडला दिसत नाही. दोन टेबलांतील संबंध फॉरिन की म्हणून घोषित केलेला नसेल, तर तो स्तंभ साध्या संख्येसारखा वाचला जातो. मायएसक्यूएलमध्ये होय-नाही स्वरूपाची माहिती लहान पूर्णांकाच्या स्तंभात साठवली जाते. तिचेही पूर्णांक फील्डच बनते. टेबलाला प्रायमरी की नसल्यास जँगो 'आयडी' नावाचा स्तंभ गृहीत धरते व तो नसल्याने माहिती मागवताना त्रुटी येते. त्यामुळे तयार मॉडेल हा कच्चा खर्डा मानून हाताने तपासणे आवश्यक असते.

मूळ माहितीचे संरक्षण

तयार होणाऱ्या प्रत्येक मॉडेलमध्ये 'मॅनेज्ड' या गुणधर्माचे मूल्य 'फॉल्स' असते. त्यामुळे मायग्रेशन चालवले तरी जँगो ते टेबल निर्माण करत नाही, बदलत नाही व नष्टही करत नाही. हे मूल्य 'ट्रू' केल्यास टेबलाची जबाबदारी जँगोकडे जाते. त्यानंतर मॉडेल काढून टाकून मायग्रेशन चालवल्यास मूळ टेबल आतील नोंदींसह नष्ट होते. तेच टेबल जुनी प्रणालीही वापरत असेल, तर हा बदल न करणे इष्ट ठरते.