स्वमग्न मूल, शेजार आणि कायदा

बेंगळुरूत कोरमंगलापासून सर्जापूरपर्यंत गेलेल्या रस्त्याकाठच्या गृहसंकुलांत गणेशोत्सवाच्या ढोलांनी व्याकूळ होऊन कान झाकून घेणाऱ्या स्वमग्न मुलासाठी आरतीची एखादी शांत वेळ राखण्याची तजवीज कोणताही कायदा करीत नाही; ती मंडळाच्या कार्यवाहांनीच करावी, हे उघड आहे. कायद्याने जे दिले आहे तेही अल्प नव्हे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यान्वये, किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास नजीकच्या शाळेत वा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. आणि १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार, मूल सज्ञान झाल्यावर पालकत्वासाठीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे दाखल करता येतो. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो.