पंपाचा स्टार्टर आणि मोबाइलच्या पिढ्या

चाकणच्या कारखान्यांलगतच्या गावांत अद्याप कांदा-बटाट्याची शेती होते. तेथील विहिरीवरील पंप मोबाइलवरून चालू-बंद करावयाचा असल्यास मोबाइलच्या पिढ्यांतील भेद जाणणे अगत्याचे आहे.

भारतात मोबाइल सेवा १९९५ साली सुरू झाली. २जी सेवेत संभाषण व लघुसंदेश उत्तम जातात. स्टार्टरला आज्ञा देण्यास तेवढे पुरते. ४जीचा वेग पुष्कळ असून चित्रफिती पाहणे सुलभ होते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ५जी सेवा त्याहून वेगवान आहे. तथापि तिच्या सर्वांत वेगवान लहरी आखूड असल्याने दूरवर पोचत नाहीत व भिंतींनी अडतात. पंपाला एवढ्या वेगाची गरज नसते.

जिओची सेवा २०१६ साली केवळ ४जीवर सुरू झाली. म्हणून केवळ २जीवर चालणाऱ्या स्टार्टरमध्ये तिचे सिम निरुपयोगी ठरते आणि पाण्याची पाळी चुकते.

यास्तव स्टार्टर कोणत्या पिढीचा आहे हे खरेदीपूर्वी विचारावे. शक्यतो २जी व ४जी या दोहोंवर चालणारा घ्यावा. ज्या कंपनीचे सिम घालावयाचे, तिचा संकेत विहिरीपाशी मिळतो की नाही, हे ग्रामसेवकांनी शेतकऱ्यासमवेत आधी तपासावे.