पाया आधी, नक्षी मागाहून

संगणकावर यंत्रभागांच्या आकृत्या रेखाटणारे तरुण आज आपल्या अनेक घरांत आहेत. त्यांच्या कामी येईल अशी एक गोष्ट आम्ही येथे सांगू इच्छितो.

१९६३ साली आयव्हन सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’ने रेषांना परस्परसंबंधांनी बांधून दाखविले. आज एक माप बदलताच सारी आकृती आपोआप नवे रूप धारण करते. परंतु ‘फ्रीकॅड’ या विनामूल्य प्रणालीत एक खोड होती. तीत पृष्ठभाग केवळ क्रमांकाने ओळखले जात. आरंभीच्या टप्प्यात एखादी खाच वाढविली की क्रमांक फिरत, आणि एका बाजूचे छिद्र भलत्याच बाजूस जाई किंवा आकृतीच मोडे. कित्येक तासांचे श्रम वाया जात.

नोव्हेंबर २०२४ मधील १.० आवृत्तीत ही खोड पुष्कळ अंशी दूर झाली, पूर्णपणे नव्हे. म्हणून आमचे सांगणे असे : रेखाटन तयार पृष्ठभागावर न टेकविता मूळ प्रतलांवर टेकवावे, मुख्य मापे तक्त्यात नावानिशी लिहावीत आणि कडांची गोलाई अगदी शेवटी द्यावी.

पाया आधी, नक्षी मागाहून, हा गवंड्याचा नियम येथेही तितकाच खरा आहे.