हातचें काम सोडून एंजिनियर व्हावें काय?

ठाणें व कल्याण-डोंबिवलीकडील शेतकरी कुटुंबांत एक प्रश्न वारंवार निघतो. आय.टी.आय.मधून फिटर वा टर्नर होऊन वागळे वसाहतींत किंवा डोंबिवलीच्या कारखान्यांत मिळवूं लागलेल्या मुलानें काम सोडून एंजिनियरिंग शिकावें काय?

वाट खुली आहे. २ वर्षांचा आय.टी.आय. अभ्यासक्रम पुरा केलेल्यास ३ वर्षांच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षांत प्रवेश मिळूं शकतो, व पदविकाधारकास ४ वर्षांच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षांत. म्हणजे एकंदर ५ वर्षें. फीबरोबर तेवढ्या काळाचा बुडालेला पगारहि खर्चांत धरावा.

खरी अडचण गणिताची. पेरणीपूर्वीं आपण चार दाणे उगवून पाहतों. तद्वत् राजीनाम्यापूर्वीं मुलानें सहा महिने रात्रीं बीजगणित व त्रिकोणमिति करून पाहावी. जमल्यास प्रथम पदविका घ्यावी. पुढचें मग ठरवावें.

लक्ष्मणराव किर्लोस्कर पदवीधर एंजिनियर नव्हते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेंत ते यांत्रिक ड्रॉइंग शिकवीत, आणि पुढें त्यांचा लोखंडी नांगर आपल्या शेतांतून चालला. तेव्हां पदवीसाठीं जमीन गहाण टाकूं नये. मात्र मुलाचें गणित चाललें, तर केवळ पगाराच्या मोहानें त्यास अडवूंहि नये.