चौकाचा गोल कोपरा
वळण-त्रिज्या (दोन रस्ते मिळतात तिथे फुटपाथच्या कोपऱ्याला दिलेली गोलाई) जितकी मोठी तितका चौक सुरक्षित, असं अनेकांना वाटतं. घडतं उलट. नळजोडणीतल्या काटकोनी एल्बोत पाणी अडखळतं, लांब बेंडमधून सुसाट जातं, गाड्यांचंही तसंच. शिवाय कोपरा छाटला की रस्ता ओलांडायचं अंतर वाढतं. काठी टेकत जाणाऱ्या आजोबांना ते लगेच कळतं. बंब, बस कशा वळणार, ही शंका रास्तच. पण क्वचित येणारं मोठं वाहन शेजारची लेन वापरून वळू शकतं. न्यूयॉर्कने २०१६ मध्ये काही चौकांत रबरी उंचवटे बसवले, तेही डावीकडे (म्हणजे आपल्याकडच्या उजव्या वळणावर) गाड्यांनी कोपरा कापत वेगाने वळू नये म्हणून.